बंदर जिंकलं तेव्हा

सिंगापुरात राहणाऱ्या चार मित्रांची ही गोष्ट. चौघंही पन्नाशीच्या आसपासचे, आणि एकमेकांना टोपणनावांनीच हाक मारणारे. कॅप्टनची नोकरी बंदरातली. कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर, किती वाजता चढणार, हे तो ठरवायचा. मास्तर शाळेत गणित शिकवायचा आणि घरी इतिहास वाचायचा. ताई डोंबिवलीची, वयाने सगळ्यांत मोठी, माहेरी दहा दिवसांचा गणपती. चौथा साष्टीचा गोंयकार. घरी कोकणी, मित्रांत मराठी. त्याला सगळे पात्रांव म्हणत.

सगळ्यांना एकदम शनिवार-रविवार मोकळा मिळाला तसं मलाक्काला जायचं ठरलं. जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून बसने चार-पाच तासांचा रस्ता. शनिवारी पहाटे निघायचं, एक रात्र राहायचं, रविवारी दुपारी परतायचं. तिकिटं, हॉटेल, पैसे बदलून आणणं, सगळं कॅप्टनने अंगावर घेतलं आणि चोख केलं. असा माणूस प्रत्येक गटाला लागतो. तो नसेल तर निम्म्या सहली चहाच्या टेबलावरच संपतात, आणि त्याच्या कष्टांची जाणीव कुणी बोलून दाखवत नाही, हेही खरंच. गडबड त्याच्या पुढच्या पावलात होती. त्याने दोन दिवसांचं वेळापत्रकही एकट्याने आखलं. अकरा वाजता डच चौक, अकरा वीसला क्राइस्ट चर्च, बारा ते सव्वाबारा सेंट पॉलची टेकडी, बारा चाळीसला जेवण. व्हॉट्सॲपवर ते पाठवल्यावर तिघांनीही अंगठे दाखवले आणि कॅप्टनला वाटलं, होकार मिळाला. अंगठा हा होकार असतोच असं नाही. पुष्कळदा तो वाद टाळण्याचा सभ्य मार्ग असतो.

सरहद्दीवर पासपोर्टच्या रांगेत खूप वेळ गेला. कॅप्टन घड्याळ बघत पुढच्या वेळा जुळवत होता. मास्तरला मात्र रांगेतच रंग चढला आणि तो मलाक्काची गोष्ट सांगायला लागला.

साधारण इ. स. १४०० च्या सुमाराची ही गोष्ट. परमेश्वर नावाचा सुमात्राकडचा एक राजपुत्र आधी तेमासेकला, म्हणजे आजच्या सिंगापुरात आला आणि तिथूनही त्याला निघावं लागलं. उत्तरेकडे एका नदीच्या मुखाशी तो शिकारीला थांबला असताना त्याच्या कुत्र्यांनी एका पिसोरीला घेरलं. सशाएवढं ते हरीण, पण त्याने लाथ मारून कुत्र्याला पाण्यात पाडलं. जिथलं इतकं लहान जनावर असं लढतं ती जागा आपली, असं म्हणून परमेश्वराने तिथेच राजधानी वसवली. तो टेकला होता ते झाड आवळ्याचं होतं, असं मलय बखरीत सांगितलं आहे.

“दंतकथा राहू दे,” मास्तर म्हणाला, “पुढचं खरं ऐका. या गावात मिरी पिकत नव्हती, लवंग नव्हती, जायफळ नव्हतं, नाव घेण्यासारखी शेतीही नव्हती. होता तो वारा. ईशान्येचा वारा चीनची जहाजं खाली आणायचा, नैऋत्येचा त्यांना परत न्यायचा. गुजरात आणि कोरोमंडलच्या जहाजांचं बरोबर उलट. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने इथे थांबणं भाग. मग या थांबणाऱ्यांना सुखाने थांबता यावं, एवढ्या एकाच गोष्टीवर मलाक्काने आपलं राज्य उभं केलं. बंदरावर चार शहाबंदर होते. एक फक्त गुजरात्यांचा. दुसरा तमिळ, बंगाली, पेगूवाल्यांचा. तिसरा जावा आणि मसाल्याच्या बेटांचा, चौथा चीन-चंपाचा. आपली भाषा कळणाऱ्या माणसाकडेच आपली तक्रार जायची.”

“आणि जकात?” ताईने विचारलं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं.

“पश्चिमेकडून येणाऱ्यांना सहा टक्के. पण मालाची किंमत ठरवायची कुणी? दहा व्यापाऱ्यांनी. पाच तमिळ, पाच इतर देशांचे. सगळ्यांनी मिळून आकडा सांगायचा. सुलतानाचं बंदर, सुलतानाची फौज, तरी किंमत मात्र दहा जणांच्या तोंडून. तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ नंतर तिथे राहिला. त्याने लिहून ठेवलंय की या बंदरात चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडायच्या.”

“आपण चाळीस मिनिटं मागे आहोत,” कॅप्टन म्हणाला. “क्राइस्ट चर्च बाहेरूनच बघू.”

ते तसं बाहेरूनच बघितलं. १७५३ सालचं ते लाल चर्च, शेजारी डचांचं तितकंच लाल कचेरीघर, पुढे फुलांनी मढवलेल्या, मोठ्याने गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षा. उन्हाने डोळे दिपत होते. मग टेकडी.

सेंट पॉलच्या टेकडीवर छप्पर नसलेलं एक जुनं चर्च उभं आहे. १५२१ साली पोर्तुगिजांनी तिथे छोटं प्रार्थनाघर बांधलं, पुढे ते वाढलं, डच आल्यावर त्याचं नाव बदललं, आणि शेवटी ती मृतांना पुरण्याची जागा झाली. भिंतींना टेकवून ठेवलेल्या उंच शिळांवर लॅटिन, डच, पोर्तुगीज अक्षरं आहेत. आत जमिनीत एक रिकामं थडगं आहे, वर जाळी. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. पुढच्या मार्चमध्ये त्यांचा देह इथे आणून पुरला आणि त्या वर्षअखेर तो गोव्याकडे निघाला. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये चांदीच्या पेटीत ठेवलेला आणि दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणला जाणारा हाच तो देह. बाहेर आवारात संतांचा पांढरा पुतळा आहे. तो उभारला १५५२ नंतर बरोबर चारशे वर्षांनी, आणि दुसऱ्याच दिवशी सुरूचं झाड कोसळून त्याचा उजवा हात तुटला, असं गावात सांगतात. खऱ्या देहाचा उजवा हातही १६१४ मध्ये काढून रोमला नेलेला आहे, हे पात्रांवला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याच्या आईला सगळं ठाऊक होतं. दर ३ डिसेंबरला ती जुन्या गोव्याला जायची. आता गुडघे गेले होते. पात्रांव मलाक्काला जातोय हे कळल्यावर तिने फोनवर एकच मागितलं होतं: जिथे गोंयचो सायब आधी निजला, तिथे माझ्या नावाने एक तेर्स कर. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. घाई केली नाही तर वीसेक मिनिटं लागतात.

पात्रांवने खिशातून जपमाळ काढली आणि जाळीपाशी उभा राहिला. पहिला मणी बोटात धरला असेल-नसेल, तेवढ्यात मागून कॅप्टनचा आवाज आला.

“चला रे! सव्वाबारा झाले. रिकामं थडगं बघायला किती वेळ लागतो?”

कॅप्टनच्या मनात काही वाईट नव्हतं. आईचं मागणं त्याला माहीतच नव्हतं, कारण त्याने कुणाला कधी विचारलं नव्हतं की बाबा, तुला तिथे काय बघायचंय. पात्रांवने त्याच्याकडे एकदा बघितलं, जपमाळ खिशात ठेवली आणि म्हणाला, “जाता मरे, चल.” उतरताना तो काही बोलला नाही. ताईला दिसलं. मास्तरलाही दिसलं.

पायथ्याशी जुन्या किल्ल्याचं एक दार तेवढं शिल्लक आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला हा अ फामोसा किल्ला इंग्रजांनी १८०७ पासून सुरुंग लावून पाडला आणि जाता जाता एवढं एक दार वाचलं. तिथे सगळ्यांचा फोटो झाला. फोटोत चौघं हसत होते.

दुपारी सोनारांच्या गल्लीत शिरल्यावर गट विरघळायला लागला. या गल्लीत आणि तिच्या लगेच पुढे गणपतीचं देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर जवळजवळ लागूनच आहेत. देऊळ १७८१ सालचं. मलाक्कातले चेट्टी, म्हणजे फार पूर्वी व्यापारासाठी येऊन इथल्या बायकांशी संसार थाटलेल्या तमिळांचे वंशज, त्या लोकांचं. बोलणं मलय, देव विनायक. ताई दारात थांबली. कॅप्टन म्हणाला, दहा मिनिटं. ताई हसून म्हणाली, “तू हो पुढे, मी येतेच.” मशिदीच्या कौलारू, पॅगोड्यासारख्या मिनाराखाली मास्तर थांबला आणि त्यानेही तेच म्हटलं. पात्रांवचं डोकं दुखत होतं, तो हॉटेलवर गेला. संध्याकाळी जाँकर स्ट्रीटच्या बाजारात सगळे भेटले, चेंदोल खाल्लं: बर्फ, नारळाचं दूध, तांदळाच्या हिरव्या शेवया आणि वर माडाचा काळा गूळ. गुळाची चव पात्रांवला थेट आजीच्या घराची वाटली, पण त्याने ते सांगितलं नाही. एरवी सांगितलं असतं.

भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं मला मनापासून वाटतं. मैत्रीत रागावणारा माणूस अजून काहीतरी मागत असतो. ज्याने मागणंच सोडलं तो शांत, हसतमुख आणि लांब.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कॅप्टन एकटाच होता. ग्रुपवर तीन निरोप होते. ताईला जरा पडायचं होतं, मास्तरला नदीकाठी फिरायचं होतं, पात्रांव म्हणे बघतो. सगळ्यांचा शेवट एकच: तू हो पुढे. कॅप्टन पुढे झाला. वेळापत्रक आता अगदी मिनिटाबरहुकूम चालत होतं, कारण खोळंबा करायला कुणी नव्हतं. साडेदहाला तो सागरी संग्रहालयात पोचला.

हे संग्रहालय नदीकाठी, एका मोठ्या लाकडी जहाजात आहे. ‘फ्लोर द ला मार’ या पोर्तुगीज जहाजाची ती प्रतिकृती. कॅप्टन बंदराचा माणूस, जहाजात शिरल्यावर त्याचे डोळे आपोआप माल कुठे भरत असतील ते शोधायला लागले. आणि मग, रांगेत अर्ध्या कानाने ऐकलेली मास्तरची गोष्ट त्याच्या डोक्यात पुढे सरकायला लागली, कारण त्या गोष्टीचा शेवट हेच जहाज होतं.

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मलाक्कावर आला. १५११ च्या ऑगस्टमध्ये शहर पडलं, सुलतान महमूद पळाला. जिंकणाऱ्याचा हिशेब सरळ होता. पूर्वेचा सगळा माल या एका बंदरातून जातो, म्हणून बंदर ताब्यात आलं की माल ताब्यात आला. मशिदीचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड काढून त्याने किल्ला बांधला, राजवाड्याची लूट ‘फ्लोर द ला मार’वर भरली आणि परत निघाला. जहाज १५०२ सालचं, तोवर जुनं आणि गळकं झालेलं. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ते फुटलं. अल्बुकर्क तराफ्यावर जीव वाचवून निघाला, लूट समुद्रात गेली, ती आजवर हाती लागलेली नाही.

जुन्या जहाजावर एवढं ओझं का भरावं, हे कॅप्टनला व्यवसायामुळे लगेच खटकलं. पण त्याला थांबवलं ते दुसऱ्या गोष्टीने. जहाज बुडालं तरी बंदर हातात होतंच की. भिंती भक्कम, तोफा सज्ज, पोर्तुगीज तिथे पुढे १३० वर्षं राहिले. मग वारा तोच, सामुद्रधुनी तीच, तर चौऱ्याऐंशी भाषा गेल्या कुठे?

याचं उत्तर मास्तरने रांगेतच दिलं होतं. मुसलमान व्यापाऱ्यांनी लढाई केली नाही. त्यांनी आपली जहाजं आचेला वळवली, बांतेनला वळवली. सुलतानाच्या मुलाने जोहोरला नवं राज्य मांडलं, काही तिकडे गेले. व्यापार संपला नाही, पसरला आणि निसटला. चीनच्या दरबारात सुलतानाची तक्रार पोचली, आणि ज्या तोमे पिरेशने मलाक्काचं एवढं प्रेमाने वर्णन केलं होतं तोच पोर्तुगालचा वकील म्हणून चीनला गेला तेव्हा कैदेत पडला. तो पुन्हा मायदेशी आला नाही. किल्ला बांधता आला. दहा व्यापारी पुन्हा एका चटईवर बसवता आले नाहीत.

कॅप्टन लाकडी फळीवर बसला. ऑफिसात नव्या पोरांना तो स्वतः एक गोष्ट शिकवायचा. जहाज कंपनी बंदरावर नाराज झाली की पत्र लिहीत नाही. आधी एक फेरी दुसरीकडे वळवते, मग दुसरी. तक्रारीचे ईमेल येताहेत तोवर काळजी नाही, ते थांबले की जागे व्हा.

त्याने फोन काढला. सकाळपासून ग्रुपवर कुणीही काहीही तक्रार केली नव्हती.

पात्रांवचा कालचा चेहरा त्याला आता आठवला. बोटात काहीतरी होतं, ते खिशात गेलं होतं. काय होतं ते? पुढचा मुक्काम होता चिनी-मलय घराचं संग्रहालय, अकरा पन्नासला. कॅप्टन बाहेर पडला आणि उलट्या दिशेने टेकडीकडे निघाला. पायऱ्या चढताना ऊन डोक्यावर आलं होतं.

तिघंही तिथेच होते. पात्रांव जाळीपाशी गुडघ्यांवर, ओठ हलताहेत, मणी सरकताहेत. ताई त्याच्यावर छत्री धरून उभी. मास्तर थोडा लांब, शिळांवरचं लॅटिन लावत. कॅप्टनला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला वगळून तिघं इथे आले, हे त्याला लागलं, आणि ते का आले हेही त्याच क्षणी कळलं. तो भिंतीच्या सावलीला बसून राहिला. घड्याळ मनगटावर होतं, त्याकडे त्याने बघितलं नाही.

प्रार्थना संपली. ताईने कॅप्टनकडे पाण्याची बाटली पुढे केली. तो पाणी प्यायला आणि त्याने पात्रांवला विचारलं, “आईसाठी होतं का?”

“हो.”

“फोन लावलास तिला?”

“नाही. आता लावतो.”

पडद्यावर आई आली. पात्रांवने तिला जाळी दाखवली, दगड दाखवले, बाहेरचा हात तुटलेला पुतळा दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग कपाळाला बोटं लावून क्रूस केला. फिरवता फिरवता कॅमेऱ्यात कॅप्टन आला. आईने त्याला ओळखलं. गेल्या वर्षी ती सिंगापूरला आली तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच गेला होता.

“जेवलो रे पुता?” तिने विचारलं.

कॅप्टन जेवला नव्हता. एकट्याने नाश्ताही केला नव्हता.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “बस तीनची आहे. पण ती वेळ मी ठरवलेली. मी कुणाला विचारलंच नाही, चुकलं माझं. सांगा आता, कुणाला काय करायचंय?”

लगेच कुणी बोललं नाही. न विचारण्याची सवय लागते तशी न सांगण्याचीही लागते, आणि ती सुटायला जास्त वेळ जातो. शेवटी ताई म्हणाली, “मला घाई नको, एवढंच.” मास्तरला चिनी मंदिराचं छप्पर नीट बघायचं होतं, त्यावरच्या चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी. पात्रांवला समुद्राकाठच्या पोर्तुगीज वस्तीत जायचं होतं. तिथे अजून जुनी, मलय मिसळलेली पोर्तुगीज बोलतात असं त्याने ऐकलं होतं. या सगळ्याला तीनची बस पुरणार नव्हती. सोमवारी चौघांनाही सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. मग चर्चा झाली, लांबली, आवाजही चढले. मास्तर म्हणाला रात्री उशिरा सरहद्दीवर आणखी मोठी रांग असते. ताई म्हणाली मी बसमध्ये झोपेन. पात्रांव म्हणाला, राहू दे, मी पुन्हा कधी येईन. कॅप्टन म्हणाला, “नाही, आज.”

आणि मग जे काम त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं ते त्याने केलं. टेकडीवर बसूनच बसच्या माणसाशी बोलून तिकिटं शेवटच्या बसवर घेतली, हॉटेलला सामान संध्याकाळपर्यंत ठेवायला सांगितलं, रिक्षा ठरवली. मास्तरचं छप्पर दुपारी पाहून झालं. घराचं संग्रहालय राहिलं, नदीतली बोटीची फेरी राहिली, मनोऱ्यावरून शहर बघणं राहिलं.

सहाच्या सुमाराला ते उजोंग पासिरला पोचले. घरांवरच्या पाट्या वाचताना पात्रांव मोठ्याने हसायला लागला. त्याच्या वाड्यावरची आडनावं इथे, फक्त स्पेलिंग वेगळं. समुद्राकडे तोंड केलेल्या खानावळीत डेव्हिल करी मागवली. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. “व्हिनेगर,” तो म्हणाला. “विंदालूची सख्खी बहीण आहे ही.” आणि मग, आदल्या रात्री न सांगितलेली माडाच्या गुळाची आणि आजीची गोष्ट त्याने सांगितली. ती बरीच लांब होती. कॅप्टनने ती पूर्ण ऐकली, मधे दोन प्रश्नही विचारले.

बसमध्ये ताईने ठरवलं तसं ती झोपली नाही. पुढच्या सुट्टीत पेनांगला जावं, असं तिनेच काढलं. मास्तरला तिथली जुनी दफनभूमी हवी, पात्रांवला समुद्र, ताईला काहीही न करता बसायचं आहे. कॅप्टनने वही काढून चौघांची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर जागा सोडली. सरहद्द आली तेव्हा पेनांग नक्की झालं होतं. तारखेवर मात्र वाद चालू होता.